गवत, गाय आणि गायगर काउंटर

जुन्नर तालुक्यातल्या ओझरहून तारापूरचं अणुवीज केंद्र हवाई अंतराने सुमारे दीडशे किलोमीटर. मधे सह्याद्री. १९६९ पासून ते चालू आहे आणि चेर्नोबिलसारखा अपघात तिथे झालेला नाही. पण झालाच, तर इथे कुकडी नदीकाठी काय मोजावं लागेल?

आधीचा आकडा

किरणोत्सर्ग एरवीही असतोच. जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट. आपल्या काळ्या खडकात युरेनियम-थोरियम कमी, केरळच्या किनारी वाळूत भरपूर. म्हणून रोजचा आकडा माहीत नसेल, तर अपघातानंतरच्या आकड्याला अर्थ नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राची देशभरातली मोजणी केंद्रं हेच काम करतात.

बूट बोलला

२८ एप्रिल १९८६. स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कामगाराच्या बुटामुळे किरणोत्सर्ग ओळखणारं यंत्र वाजलं. गळती तिथली नव्हतीच. हजारावर किलोमीटरवरच्या चेर्नोबिलची धूळ वारा-पावसाने तिथवर आली होती. स्फोट होऊन दोन दिवस झाले होते, आणि मॉस्को तोवर गप्प होतं.

दुधाचा कॅन

जुन्नरसारख्या दूधदुभत्याच्या तालुक्यात खरं लक्ष ठेवायचं ते दुधावर. आयोडीन-१३१ गवतावर बसतं, गाय दिवसभर चरते, आणि दोन-तीन दिवसांत ते दुधात उतरतं. मुलांच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी ते ओढून घेते. डेअरीत फॅट लागते, एसएनएफ लागतं. हे आयोडीन मात्र तिथे कळत नाही. त्यासाठी नमुना शिशाच्या जाड कवचात ठेवून गॅमा किरण मोजावे लागतात. फुकुशिमाचा अपघात ११ मार्च २०११ चा. १९ मार्चला तिथल्या दुधात मर्यादेपेक्षा जास्त आयोडीन सापडल्याचं जपान सरकारने जाहीर केलं.

उपाय साधा आहे: गुरं गोठ्यात बांधायची आणि झाकलेला जुना कडबा घालायचा. दर आठ दिवसांनी हे आयोडीन निम्मं होतं, ऐंशी दिवसांत हजाराव्या हिश्शावर येतं. दुधाची पावडर करून ठेवली तरी चालते. सिझियम-१३७ ला मात्र निम्मं व्हायलाच तीस वर्षं लागतात.

आयर्लंडचं लोणी

चेर्नोबिलनंतर आयर्लंडहून आलेल्या लोण्यावरून मुंबईत वाद पेटला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि १९८८ मध्ये लोणी खाण्यायोग्य ठरलं. लोण्यात किरणोत्सर्ग असेल ही लोकांची शंका अवाजवी नव्हती. पण सिझियम पाण्यात विरघळणारं; घुसळताना त्यातलं बहुतेक ताकातच राहतं.