साडेतीन इंची टॅक्सी

पार्सल घेऊन आलेल्या पोऱ्याने खोक्यावरचे मोटारीचे चित्र पाहिले आणि विचारले, "घरी लहान मूल आहे वाटतं?" पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? मी नुसती सही केली.

खोक्यात साबणाच्या वडीएवढा एक मळकट पांढरा ठोकळा होता. चार रबरी टायर, काडेपेटीएवढा नक्षीकाम केलेला पितळी पत्रा आणि काचांसाठी पातळ पारदर्शक प्लास्टिक एवढाच बाकीचा ऐवज. तो ठोकळा म्हणजे १९६२ साली इटलीत आलेली फियाट ११०० डी. हीच गाडी १९६४ पासून आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होऊ लागली. पुढे तिचे नाव 'पद्मिनी' झाले आणि काळ्या अंगाची, पिवळ्या टपाची होऊन ती मुंबईभर धावली. हा ठोकळा मिळवायला मला तीन वर्षे लागली.

आमच्या चाळीत तळमजल्यावर एक काका राहतात. त्यांनी पस्तीस वर्षे टॅक्सी चालविली, त्यातली बहुतेक पद्मिनीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयाची वीस वर्षे भरून रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी काका वर्तमानपत्र घेऊन माझ्याकडे आले. माझ्या कपाटात रोल्स आहे, जग्वार आहे, हे त्यांना ठाऊक होते. बराच वेळ कपाट न्याहाळून ते म्हणाले, "एवढ्या सायबांच्या गाड्या केल्यास. माझी कुठाय?"

तेव्हापासून शोध सुरू झाला.

आता कोणी म्हणेल, दुकानात जाऊन घ्यायची! पण अडचण तिथेच आहे. धातूची मोटार ओतायची तर पोलादाचा साचा लागतो. तो इतका महाग पडतो की हजारोंनी माल खपल्याशिवाय परवडत नाही. म्हणून मोठे कारखानदार शर्यत जिंकलेल्या गाडीचा नमुना काढतात. अर्ध्या वाटेत इंजिन जळून थांबलेल्या गाडीचा वाली कोण? तिचा वाली रेझिनवाला. रेझिन म्हणजे एक कृत्रिम राळ. दोन द्रव एकत्र केले की पाहता पाहता घट्ट होते. कारागीर आधी हाताने एक मूळ नमुना घडवितो, त्याभोवती सिलिकोन रबर ओततो, आणि त्या मऊ साच्यातून एकेक प्रत काढतो. हे घरच्या मोरीतही जमते. पण रबराचा साचा अल्पायुषी असतो. वीस-तीस, फार तर पन्नास प्रती निघाल्या की कडा फाटू लागतात, बारकावे पुसट होतात. मग कारागिराने नवा साचा केला तर केला. नाही तर ती मोटार जगातून दुसऱ्यांदा नाहीशी होते.

माप बहुधा एकास त्रेचाळीस. हा विचित्र आकडा आगगाडीमुळे आला. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कारखान्याने आपल्या खेळण्यातल्या आगगाड्यांशेजारी मांडायला छोट्या मोटारी काढल्या. १९३४ पासून त्या 'डिंकी टॉइज' या नावाने जगभर गेल्या. त्या आगगाड्यांचे माप होते एका फुटाला सात मिलिमीटर. भागाकार करून पाहा, त्रेचाळीस आणि वर थोडे येतात. याच डिंकीचे काही जुने साचे पुढे कलकत्त्याला आले आणि १९६० नंतरच्या दशकात 'निकी' नावाच्या मोटारी त्यांतून निघाल्या. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी त्या भिंतीवर आपटून फोडल्या. आज त्याच शोधायला आम्ही चोरबाजारात चकरा मारतो. असो.

पहिले वर्ष माझे फुकट गेले, कारण मी 'पद्मिनी' शोधत होतो. परदेशात ते नाव कोणाला ठाऊक असणार? इटालियन मंडळी या गाडीला 'मिलेचेंतो' म्हणतात. मिलेचेंतो म्हणजे अकराशे. हे कळले आणि दारे उघडली. पण उघडलेल्या प्रत्येक दाराआड आपलीच फियाट असेलच असे नाही. एकाने फोटो पाठविला, गाडी अगदी हुबेहूब. मी त्याला पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर मोजायला सांगितले. खऱ्या गाडीत ते २३४० मिलिमीटर असते, तेव्हा नमुन्यात चोपन्न हवे. उत्तर आले, सत्तेचाळीस. म्हणजे तो एकास पन्नासचा निघाला. माझ्या कपाटात तो इतरांशेजारी किरट्या पोरासारखा दिसला असता. अखेर एका म्हाताऱ्या इटालियन छांदिष्टाने, आता हात कापतात म्हणून, वीस वर्षे न उघडलेले खोके मला विकले. खोके उघडताना माझेही हात कापत होते, पण ते वेगळ्या कारणाने.

असे दुर्मिळ खोके उघडावेच का, यावर छांदिष्टांत दोन तट आहेत. मी उघडणाऱ्यांच्या तटातला. काकांना मी खोके दाखवून काय ते म्हणाले असते?

प्रथम कोमट पाण्यात साबण घालून आंघोळ. साच्यातून प्रत सुटावी म्हणून लावलेला तुळतुळीतपणा अंगावर राहिला तर रंग धरत नाही. वीस वर्षांत तळाची पट्टी केळ्यासारखी वाकली होती. ती गरम पाण्यात बुडविली, मऊ झाल्यावर काचेवर दाबून धरली, सरळ झाली. मग पॉलिश पेपर, तोही ओलाच. रेझिनची कोरडी धूळ छातीला वाईट, म्हणून तोंडाला फडके. पहिला करडा हात दिला की खरे दुःख दिसते. रेझिनमध्ये अडकलेल्या हवेची सुईच्या टोकाएवढी भोके देवीच्या वणांसारखी उमटतात. बुजवा, घासा, पुन्हा रंगवा. माझे चार रविवार यात गेले.

इटलीची गाडी, तेव्हा सुकाणू डावीकडे. ते कापून उजवीकडे आणले आणि गिअरचा दांडा पद्मिनीसारखा सुकाणूच्या दांड्यावर बसविला. टपावरचे कॅरिअर पितळी तारेचे. बंपरला चॉकलेटची चांदी. रंगाचा क्रम मात्र चुकवून चालत नाही. आधी पिवळा, मग टप चिकटपट्टीने झाकून काळा. काळ्यावर पिवळा चढवू गेलात तर शेवाळी छटा येते.

आणि मग मी घाई केली. काचा झटपट चिकटणाऱ्या डिंकाने बसविल्या. ही चूक नवशिक्यानेही करू नये. त्या डिंकाची वाफ काचेवर पांढरी साय धरते. सकाळी पाहतो तो गाडी मोतीबिंदू झाल्यासारखी. काचांचा दुसरा जोड कुठून आणणार? शेवटी नव्या शर्टाच्या खोक्यावरचे पारदर्शक प्लास्टिक कापले आणि सुताराच्या पांढऱ्या डिंकाने बसविले. तो डिंक वाळल्यावर दिसेनासा होतो.

गाडी तयार झाली ती गणपतीत. मी ती काकांच्या तळहातावर ठेवली. काकांनी आधी चष्मा काढला, मग पुसून पुन्हा लावला. अंगठा टपावरून फिरविला, बॉनेटच्या उतारावर थांबविला. मी श्वास रोखून उभा.

"मीटर बरोब्बर डावीकडे लावलंस," काका म्हणाले. मग गाडी डोळ्यांजवळ नेली. "पण पाडलंयस का?"

"म्हणजे?"

"अरे, झेंडी खाली आहे. मीटर डाऊन! आणि आत तर कोणी बसलेलं नाही. कुणाला फिरवतोय मी?"

दोन मिलिमीटरची ती झेंडी मी फोटो पाहून बसविली होती आणि फोटोतली टॅक्सी भाड्यावर निघाली असणार. त्याच रात्री सुईने ती उचकटायला गेलो. झेंडी टिचकी मारल्यासारखी उडाली आणि फरशीच्या कुठल्या फटीत गेली ते देव जाणे. पितळी पत्र्याच्या उरलेल्या काठातून नवी कापली. ती आता उभी आहे. काका रोज सकाळी चहाच्या आधी तिच्यावरची धूळ फुंकतात. जोराने फुंकू नका म्हणून मी त्यांना दोनदा सांगितले आहे.