फटका एकाचा, नजर दुसऱ्याची

गोल्फच्या मैदानावर दोन माणसे उभी आहेत. त्यातला एक खाली वाकतो, दुसऱ्याच्या हातातल्या काठीचे टोक धरतो आणि ते गवतावरच्या पांढऱ्या चेंडूमागे बरोबर टेकवतो. मग मागे जाऊन पाहतो. "डावा पाय किंचित मागे. खांदा उघडतोय, आत घ्या. हं, आता बरोबर." अंतर किती, वारा कुठून, पाणी कोणत्या बाजूला, हे त्याने आधीच सांगून ठेवलेले असते. आता तो गप्प होतो. काठी फिरते, चेंडू उडतो, आणि ज्याने तो मारला त्याला तो दिसत नाही. तो विचारतो, "कुठं गेला?"

अंध खेळाडूंचे गोल्फ हे असे चालते. गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा खेळ अशी आपल्याकडे समजूत आहे आणि ती अगदीच खोटी नाही. पण या जोडीने आम्हाला इतके गुंतवून ठेवले की वाचकांना सांगितल्याशिवाय राहवेना.

खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. 46 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा चेंडू मारत मारत दूरच्या एका छोट्या भोकात घालायचा. या भोकाला होल म्हणतात. त्याची रुंदी फक्त 108 मिलिमीटर, आणि तेथपर्यंतचे अंतर कधी दीडशे, तर कधी पाचशे यार्ड. असे 18 होल. ज्याचे फटके सर्वांत कमी, तो जिंकला.

हे डोळ्यांशिवाय कसे जमायचे? क्रिकेटमध्ये चेंडू आपल्यावर चालून येतो, म्हणून अंधांच्या क्रिकेटमध्ये खुळखुळणारा चेंडू लागतो. गोल्फचा चेंडू मात्र आपण मारेपर्यंत जागचा हलत नाही. काठी एकदा त्याच्यामागे नीट टेकली की पुढचे काम कंबर, खांदे आणि मनगटाचे. डोळे लागतात ते फटक्याच्या आधी आणि फटक्यानंतर. तेवढे डोळे दुसऱ्याचे घ्यायचे. या दुसऱ्या माणसाला कुठे गाइड म्हणतात, अमेरिकेत कोच म्हणतात.

सुरुवातीची गोष्टही अमेरिकेतलीच. मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ गावचे क्लिंट रसेल यांची दृष्टी 1924 मध्ये मोटारीचे टायर तोंडावर फुटून गेली. पुढच्याच वर्षी ते गोल्फ खेळू लागले. काही वर्षांतच त्यांनी 18 होल 84 फटक्यांत पूर्ण केले. हा आकडा डोळस हौशी खेळाडूंनाही सहज जमत नाही. 1938 मध्ये इंग्लंडचे अंध खेळाडू डॉ. बीच ऑक्सनहॅम आणि रसेल यांचा सामना डुलुथला झाला, तो रसेल यांनी जिंकला.

त्यानंतर महायुद्ध आले आणि डोळे गमावलेले तरुण सैनिक इस्पितळांत भरले. चार्ली बॉसवेल हा त्यांतलाच एक. अलाबामा विद्यापीठाचा फुटबॉलपटू. 1944 मध्ये जर्मनीत तोफगोळा लागलेल्या रणगाड्यातून साथीदाराला बाहेर काढताना त्याची दृष्टी गेली. गोल्फ त्याने आधी कधी खेळलेलेच नव्हते. इस्पितळात असताना त्याच्या हातात पहिल्यांदा काठी आली, आणि पुढे त्याने अंधांचे राष्ट्रीय विजेतेपद 16 वेळा मिळवले. नंतरच्या पिढीत न्यू ऑर्लिन्सचे पॅट ब्राउन झाले. 1966 च्या मोटार अपघातात त्यांचे डोळे गेले. 1978 ते 1997 अशी सलग 20 वर्षे ते राष्ट्रीय विजेते होते.

आज अनेक देशांत हा खेळ आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ येथे आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पूर्ण अंध आणि थोडेफार दिसणारे यांची सरमिसळ होऊ नये म्हणून नजरेप्रमाणे बी-1, बी-2, बी-3 असे गट करण्यात आले. बी-1 म्हणजे जवळजवळ काहीच न दिसणारे.

आम्ही पडलो मास्तर, त्यामुळे आमचे लक्ष नियमांकडे आधी जाते. 2023 पासून अपंग खेळाडूंसाठीच्या तरतुदी गोल्फच्या मुख्य नियमावलीतच, 25 व्या नियमात आल्या आहेत. बंकर म्हणजे मुद्दाम ठेवलेला वाळूचा खड्डा. तेथे फटका मारण्याआधी चेंडूच्या पुढची-मागची वाळू काठीने शिवली तर इतरांना दंड होतो, अंध खेळाडूला होत नाही. साहजिकच आहे, टेकवल्याशिवाय त्याला चेंडू सापडणार कसा? फटक्याच्या वेळी डोळस खेळाडूच्या मदतनिसाला चेंडूच्या सरळ मागच्या रेषेत मुद्दाम उभे राहता येत नाही, अंधाच्या गाइडला राहता येते. पण एका वेळी मदतनीस एकच. आणि प्रत्यक्ष फटका मारताना त्याने कसलीही मदत करायची नाही. तो फटका चुकला तर चुकला. गाइडने दिशा चुकीची लावली आणि चेंडू पाण्यात गेला, तरी दंडाचा फटका मोजला जातो तो खेळाडूच्याच नावावर.

हे वाचताना आम्हाला आमचे नानाजान आठवले. मधुमेहाने त्यांची नजर गेली, तेव्हा घरातल्या सर्वांनी त्यांच्यावर इतकी माया केली की त्यांच्या हातात काही उरलेच नाही. चहाचा कप आम्ही ओठांना लावायचो, चपला पायात घालायचो, पैसे मोजून द्यायचो. एकदा ते चिडून म्हणाले, "अरे, कुठं ठेवलंय ते सांगा. हातात कशाला देता?" त्या वेळी आम्हाला तो म्हातारपणाचा चिडकेपणा वाटला होता.

गाइडचे खरे कसब दिसते ते होलजवळच्या बारीक गवतावर. इथे ताकद लागत नाही, अंदाज लागतो. चेंडूपासून होलपर्यंत दोघे बरोबर चालत जातात. खेळाडू पावले मोजतो आणि जमिनीचा चढ-उतार तळपायांनी ओळखतो. पाय पुष्कळदा डोळ्यांपेक्षा खरे सांगतात. परत आल्यावर गाइड काठीचे तोंड होलच्या रोखाने लावून देतो. किती जोराने ढकलायचे हे मात्र खेळाडूने ठरवायचे. गाइडने फार बोलून चालत नाही, कमी बोलूनही चालत नाही. "जरा जास्त उजवीकडे" या शब्दांचा काय उपयोग? जरा म्हणजे किती? दोन बोटे म्हटले तर कळते. वर्षानुवर्षे एकत्र खेळलेल्या जोड्यांची मग स्वतःची भाषाच तयार होते. कुठे मित्र गाइड असतो, कुठे मुलगा, कुठे पती.

पेनसिल्वेनियाच्या शीला ड्रमंड यांचे गाइड त्यांचे पतीच. शीलाबाईंची नजर तरुणपणीच मधुमेहाने गेली. ऑगस्ट 2007 मध्ये त्या 144 यार्डांच्या एका होलवर खेळत होत्या. पहिल्याच फटक्यात चेंडू थेट होलमध्ये गेला. याला होल-इन-वन म्हणतात आणि आयुष्यभर खेळणाऱ्या कित्येक डोळस खेळाडूंच्या नशिबी तो येत नाही. फटका शीलाबाईंचा होता. चेंडू कुठे गेला, हे मात्र त्यांना दुसऱ्यांकडूनच कळायचे होते.