तीन छिद्रांवर भरवसा किती?

अमेरिकेत पिस्तुलाची काडतुसं घरी पुन्हा भरणं हा अनेकांचा छंद आहे. पितळी पुंगळी जुनी. प्रायमर, दारू आणि गोळी नवी. आपल्याकडे मात्र परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा १९५९च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे, हे आधीच सांगतो.

आता प्रश्न असा, की भरलेल्या दोन प्रकारांपैकी अचूक कुठला? पिस्तूल यांत्रिक आधारात घट्ट बसवतात, म्हणजे हाताचा कंप वगळला जातो. २५ यार्डांवर गोळ्या झाडून सर्वांत लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर मोजतात. गोम इथेच आहे. तीन गोळ्या जवळजवळ पडल्या की माणूस खूश! पण तीच काडतुसं, तेच पिस्तूल, आणि गोळ्या दहा झाडल्या, तर हे अंतर सरासरीनं दीडपटीहून थोडं जास्तच भरतं. काडतुसं बिघडली का? नाही. गोळ्या जितक्या जास्त, तितकी एखादी लांब जाण्याची शक्यता जास्त. शिवाय दहांतल्या दोनच छिद्रांनी निकाल दिला. बाकीच्या आठांना कुणी विचारलंच नाही.

म्हणून सगळ्या छिद्रांचा मध्य काढा, प्रत्येकाचं त्यापासूनचं अंतर मोजा आणि सरासरी घ्या. दोन्ही प्रकारांच्या गोळ्या सारख्याच संख्येनं, आलटूनपालटून झाडा. तीन छिद्रं पाहून दारू वाढवत नेणारा अचूकता वाढवत नसतो. नळीतला दाब मात्र नक्की वाढवत असतो.