दीड वर्षाची सेवा आणि शेवटचे सोमवार



आमच्या प्रभागातल्या एका गटाच्या बैठकीत मध्यंतरी एक प्रश्न निघाला. गटातल्या एका ताईंची मुलगी बेंगळुरूला नर्स आहे. तिच्या गल्लीत दोन तरुण मुली नेहमी बरोबर फिरताना दिसायच्या. लांब स्कर्ट, अंगावर दागिना नाही, छातीवर नावाची काळी पट्टी. चहाला बोलावलं तर हसून नको म्हणाल्या आणि नुसतं पाणी पिऊन गेल्या. दीड वर्षासाठी आलोय, आता थोडेच आठवडे राहिलेत, असं त्यांनी सांगितलं. ताईंनी विचारलं, "एवढ्याशा पोरीला आईनं दीड वर्ष सोडलं कसं? आणि आता घरी जाऊन ती काय करणार?" मला या प्रश्नानं नाद लावला, म्हणून जे वाचलं आणि समजून घेतलं ते आज सांगते.

या मुली मॉर्मन पंथाच्या. पंथाचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 1830 साली अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी तो सुरू केला. मुख्य कार्यालय यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला. बायबलच्या जोडीला 'मॉर्मनचा ग्रंथ' हेही त्यांचं धर्मपुस्तक. चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांना वर्ज्य आहे. त्यामुळं दारी आलेल्यानं चहाला नको म्हटलं तर त्यात आपला अपमान नाही. एका नवऱ्याला अनेक बायका असायच्या तोच हा पंथ का, असंही कुणी विचारेल. हो, पूर्वी तशी प्रथा होती, पण 1890 मध्ये पंथानं ती अधिकृतपणे सोडली.

या पंथात तरुण मुलं दोन वर्षं आणि मुली अठरा महिने घर सोडून धर्मप्रचाराला जातात. पूर्वी मुलींना 21 वर्षं पूर्ण व्हावी लागत. 2012 मध्ये ही अट 19 वर आली आणि जाणाऱ्या मुलींची संख्या एकदम वाढली. कुठं जायचं हे मुलगी ठरवत नाही. तिनं अर्ज करायचा, गावाचं नाव मुख्यालयातून येतं. पगार नाही. उलट घरच्यांनीच पैसे भरायचे. अमेरिकेतल्या कुटुंबाला 2020 पासून महिन्याला 500 डॉलर भरावे लागतात. कितीतरी मुलं त्यासाठी लहानपणापासून साठवतात. ज्यांना झेपत नाही त्यांना पंथाच्या निधीतून मदत मिळते. बचत गटातल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता त्यांचा आठवडा कसा जातो ते बघा. सकाळी लवकर उठायचं, थोडा व्यायाम, मग एकटीनं वाचन, मग दोघींनी मिळून वाचन. त्यानंतर दिवसभर लोकांना भेटायचं, कुणाला शिकवायचं, कुणाच्या कामाला हात लावायचा. रात्री साडेदहाच्या सुमारास दिवा बंद. आठवड्यातून एकदा बसून पुढच्या सात दिवसांची आखणी करायची. त्या भागातल्या इतर प्रचारकांबरोबर एक बैठक असते. मिशनच्या अध्यक्षांना दर आठवड्याला पत्र लिहायचं असतं. रविवारी प्रार्थना. सिनेमा नाही, मुलांशी मैत्री-प्रेम नाही.

बहुतेक ठिकाणी सोमवार हा तयारीचा दिवस. त्या दिवशी कपडे धुवायचे, बाजार करायचा, खोली झाडायची आणि घरी बोलायचं. सुट्टी म्हणाल तर तीही पूर्ण नाही, कारण संध्याकाळी पुन्हा काम सुरू. आपल्या रविवारासारखंच की! घरातल्या बाईची सुट्टी कुठल्या देशात पूर्ण असते, हे मला अजून कळायचं आहे.

सगळ्यात कडक नियम जोडीचा. एकटीनं फिरायचं नाही. दोघींनी एका घरात राहायचं, एकत्र जेवायचं, एकत्रच बाहेर पडायचं. आणि जोडीदारीण आपण निवडायची नाही. दर सहा आठवड्यांनी बदलीची वेळ येते. कधी जोडीदारीण बदलते, कधी गाव बदलतं. जिच्याशी पटत नाही तिच्याबरोबरही चोवीस तास काढायचे. आपल्याकडं उमेदच्या वर्धिनी परगावी फेरीला जातात, अनोळखी बायकांबरोबर एका खोलीत राहून नवे गट बांधतात. त्यांना हे लगेच कळेल. फरक एवढाच, की त्यांची फेरी काही दिवसांत संपते.

ताईंनी आईबद्दल विचारलं होतं. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत या मुलांना घरी फोन करायला वर्षातून दोनदाच परवानगी होती, नाताळला आणि मातृदिनाला. बाकी आठवड्याला ईमेल. त्यानंतर दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओवर बोलायची मुभा मिळाली. नियम बदलण्याआधीच्या आयांनी कसं काढलं असेल! आमच्या भागातल्या मुली पुण्याला कंपनीत जातात, तेव्हा दोन दिवस फोन आला नाही तर आया शेजारच्या पोराला मेसेज पाठवायला लावतात.

शेवटच्या आठवड्यांत काय होतं, ते मला सगळ्यात लक्षात घेण्यासारखं वाटतं. या प्रचारकांच्या बोलीत एक शब्द आहे, 'ट्रंकी'. आपली लोखंडी ट्रंक असते ना, त्यातलाच. शरीर इथं, पण मन ट्रंक भरून घरी निघालेलं, अशा माणसाला ते ट्रंकी म्हणतात. कॅलेंडरवर सोमवार मोजणं, घरच्या जेवणाची आठवण, कॉलेजचा अर्ज, लग्नाची चर्चा. पण दारात भेटणाऱ्या बाईला त्याचं काय? तिच्यासाठी ती पहिलीच भेट असते.

म्हणून काम हातातून सुटू नये अशी सोय करून ठेवली आहे. कुणाला भेटलो, काय बोलणं झालं, पुन्हा कधी यायला सांगितलं, याची नोंद प्रत्येक भागासाठी ठेवायची. पूर्वी ती जाड फाईलमध्ये असायची, आता मोबाईलच्या ॲपमध्ये. मुलगी गेली तरी नोंद राहते आणि नवी येणारी त्यावरून काम उचलते. आपल्या कितीतरी गटांत सगळा हिशोब एकाच सचिवताईच्या डोक्यात असतो. ती बाळंतपणाला माहेरी गेली की बँकेच्या कर्जाचा हप्ता किती भरला हेच कुणाला सांगता येत नाही. वही आहे, पण लिहिलेली नाही. त्यांच्या धर्माशी आपला संबंध नसेना का, ही शिस्त मात्र उचलण्यासारखी आहे.

असं मोजून दिलेलं आयुष्य आणि कायमचं दिलेलं आयुष्य, दोन्ही आपल्या भागानं पाहिलं आहे. कुंभोज-बाहुबलीकडं विहार करत जाणारे मुनी आणि आर्यिका परत घरी जात नाहीत. इकडं कोल्हापुरात 1852 मध्ये अमेरिकेचे रॉयल वाइल्डर आणि त्यांची पत्नी एलायझा आले आणि वर्षानुवर्षं राहिले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मला. ते मॉर्मन नव्हते. पण त्याच सुमारास एक मॉर्मन प्रचारकही आपल्या मुलखात फिरत होता. ह्यू फिंडले नावाचा हा स्कॉटिश माणूस 1851 मध्ये मुंबईत उतरला, पुढं पुण्याला आला. छावणीत त्याला विरोध झाला. त्यानं मराठी शिकायला घेतली, थोड्या लोकांची मंडळी जमवली आणि काही वर्षांत निघून गेला. त्या काळी घरच्या पत्राला महिने लागायचे. सोमवारचा फोन कुठला?

अशी माणसं दारात आली तर ऐकायचं की दार लावायचं हे ज्याच्या त्याच्या हातात आहे. श्रद्धा पाळायचा आणि तिचा प्रचार करायचा हक्क घटनेच्या 25 व्या कलमानं दिला आहे. नको म्हणायचा आपला हक्कही कुणी काढून घेतलेला नाही. नको म्हणताना पाण्याचा तांब्या मात्र पुढं करावा, असं मला वाटतं.

आता परत जाण्याबद्दल. सगळ्याच मुली अठरा महिने पुरे करतात असं नाही. कुणी आजारी पडते, कुणाला मनाचा त्रास होतो, कुणाला ते काम झेपत नाही. लवकर परतलेल्यांकडं तिथंही लोक वेगळ्या नजरेनं बघतात, कुजबुजतात. होस्टेल सोडून आलेल्या, नोकरी सोडून आलेल्या आपल्या मुलींना हे नवीन नाही. "का आलीस?" हा प्रश्न चहाच्या आधी विचारला जातो. याबाबतीत कोल्हापूर काय अन् यूटा काय!

ज्या पूर्ण करून जातात त्यांची मिशनच्या अध्यक्षांशी शेवटची भेट होते. पुढं काय शिकणार, घरी गेल्यावर दिवस कसा लावणार, यावर बोलणं होतं. मग विमान. घरी पोचल्यावर स्थानिक धर्मप्रमुख तिला सेवेतून मोकळं करतात आणि छातीवरची काळी पट्टी उतरते. दीड वर्ष तिला सगळे 'सिस्टर' आणि आडनाव लावून हाक मारत होते. आता घरात पहिल्या नावानं हाक येते. सोबतीला जोडीदारीण नाही, वेळापत्रक नाही, दुकानापर्यंत एकटीनं जायचं तरी काहींना सुरुवातीला चुकल्यासारखं होतं. त्या बेंगळुरूच्या मुलींपैकी एक आता घरी पोचली असेल. दुसरीला नवी जोडीदारीण मिळाली असेल, आणि ताईंची मुलगी पुन्हा चहाला विचारत असेल.