एक गुलाब, चार नावे

आमच्या घरात 'गुलाबी' हा शब्द उच्चारला, की दोघांना दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. मला रंग दिसतो, सासूबाईंना फूल दिसते. मराठीत फूल ते गुलाब आणि रंग तो गुलाबी. कन्नडमध्ये मात्र फुलालाच गुलाबी म्हणतात. माझे माहेर जोयडा तालुक्यातले दिग्गी, बोली कोकणी वळणाची मराठी. सासर धारवाडचे, तिथे सगळा कारभार कन्नडमध्ये. त्यामुळे "गुलाबी आणा" असा निरोप बाजारात गेला, की परत साडी येईल की फुले, याचा नेम नसतो! सीमाभागातल्या आपल्यासारख्या घरांना अशा गमती नव्या नाहीत. आणि शब्द तरी कुणाचा? गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. हे दोन्ही फारसी शब्द आपण दोघांनीही उसनेच घेतलेले आहेत.

एकाच फुलाला दोन घरी दोन नावे असली, तर घोटाळा होतो तो एवढाच. पण एकाच गुलाबाला चार देशांत चार नावे पडली आणि त्या देशांची आपसात लढाई चालू असली, तर? अशी गोष्ट खरोखरच घडली आहे.

युद्धाच्या तोंडावरची पुडकी

फ्रान्समधल्या लिऑन शहराजवळ मेयाँ नावाचे गुलाब-उत्पादक कुटुंब राहत होते. त्यातल्या फ्रान्सिस मेयाँ या तरुणाने १९३५ मध्ये केलेल्या संकरातून एक रोप निघाले. मोठे पिवळसर फूल, पाकळ्यांच्या कडेला गुलाबी झाक, तकतकीत पाने. रोप असाधारण आहे हे पाहणाऱ्यांच्या लगेच ध्यानात आले. पण १९३९ साल उजाडले आणि युरोपावर युद्धाचे ढग जमले. त्याच वर्षी मेयाँने या रोपाच्या डोळकाड्या जर्मनी, इटली आणि अमेरिका या तीन देशांतल्या ओळखीच्या गुलाबवाल्यांकडे रवाना केल्या. पुढे युद्ध पेटले, टपाल बंद पडले. कुणाच्या हाती काय पोचले, काय जगले, हे विचारायलाही वाट उरली नाही.

पण काड्या जगल्या. फ्रान्समध्ये मेयाँने आपल्या आईच्या आठवणीसाठी त्या गुलाबाला 'मादाम आ. मेयाँ' म्हटले. इटलीत तो 'जोइया', म्हणजे आनंद झाला. जर्मनीत 'ग्लोरिया दाई', म्हणजे देवाचा महिमा. अमेरिकेत तो वाढवला रॉबर्ट पाइल यांनी, आणि २९ एप्रिल १९४५ रोजी कॅलिफोर्नियात पॅसाडेना इथे त्याचे नाव जाहीर झाले, 'पीस'. शांतता! त्या दिवसांत बर्लिनचा पाडाव होत होता. सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची स्थापना-परिषद भरली होती. तिथे जमलेल्या ४९ शिष्टमंडळांच्या प्रमुखांना अमेरिकन गुलाब संस्थेने या गुलाबाचे एकेक फूल दिले.

वाचकहो, या कथेत फुलाच्या सौंदर्यापेक्षा मला एक गोष्ट मोठी वाटते. मेयाँने आपले सर्वात मौल्यवान रोप कुलपात ठेवले नाही, वाटून टाकले. ज्या देशांशी उद्या वैर होणार होते, त्यांनाही दिले. एका बागेवर रोग पडला, बाँब पडला, तरी दुसरीकडे ते राहील, असा तो साधा हिशेब होता.

नावांची वही

युद्ध संपल्यावर प्रश्न उरला तो नावांचा. गुलाबाच्या हजारो जाती, प्रत्येक देशाची संस्था वेगळी, भाषा वेगळी. एकच रोप दोन नावांनी विकले जाई आणि एकाच नावाखाली दोन रोपे. म्हणून १९५५ मध्ये गुलाबाच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंदणी ठेवण्याचे काम अमेरिकन गुलाब संस्थेकडे सोपवण्यात आले. पुढे नव्या जातींना एक सांकेतिक नाव द्यायची पद्धतही रुळली. त्या नावाची पहिली तीन अक्षरे उत्पादकाची असतात. मेयाँच्या गुलाबांची नावे 'मेइ'ने सुरू होतात, तर जर्मनीच्या कोर्डेस घराण्याच्या गुलाबांची 'कोर'ने. बाजारात गुलाबाला कुठल्याही भाषेत हाक मारा, सांकेतिक नाव बदलत नाही. घरी बाळ्या म्हणा की पुट्टा, शाळेच्या दाखल्यावर नाव एकच असते, तसेच हे!

१९६८ मध्ये लंडनला आणखी एक पाऊल पडले. ऑस्ट्रेलिया, बेल्जियम, इस्रायल, न्यूझीलंड, रुमानिया, दक्षिण आफ्रिका, ब्रिटन आणि अमेरिका या आठ देशांच्या गुलाब संस्थांनी मिळून जागतिक गुलाब महासंघ स्थापन केला. त्या काळी रुमानिया कम्युनिस्ट गोटात होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या यादीचे महत्त्व कळते. पहिली जागतिक परिषद १९७१ मध्ये न्यूझीलंडला झाली. साधारण दर तीन वर्षांनी अशी परिषद भरते आणि जगाच्या आवडत्या गुलाबाची निवड होते. १९७६ मध्ये हा मान सर्वप्रथम कुणाला मिळाला असेल? अर्थातच 'पीस'ला.

भारतीय गुलाब महासंघ हा या जागतिक महासंघाचा सदस्य आहे. २०१४ मध्ये जागतिक महासंघाची प्रादेशिक परिषद आपल्या जवळच, हैदराबादला भरली होती.

गव्हाचे डॉक्टर आणि रानगुलाब

आपल्याकडे गुलाबाला शास्त्राची बैठक देणाऱ्यांत डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते मूळचे गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेऱ्याला दाद न देणारे गहू तयार करणे हे त्यांचे आयुष्याचे काम. १९६५ मध्ये ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. पण छंद गुलाबाचा! 'डॉ. होमी भाभा' हा पांढरा गुलाब त्यांचाच, आणि १९६६ मध्ये निघालेला त्यांचा 'द रोझ इन इंडिया' हा ग्रंथ भारतीय गुलाबप्रेमींचा आधार ठरला.

तरी एक अडचण राहिलीच. आपल्या बागांतले बहुतेक नामांकित गुलाब थंड देशांत जन्मले. आमच्या दिग्गीला त्यांचे काय होते, ते मी लहानपणापासून पाहिले आहे. दिग्गी म्हणजे काळी नदीचे उगमस्थान. इथून निघालेली काळी सुमारे १८४ किलोमीटर वाहत कारवारला समुद्राला मिळते. ज्या डोंगरातून नदी जन्मते, तिथला पाऊस काय सांगावा! जूनपासून झड लागली, की जत्रेतून हौसेने आणलेल्या गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडतात, पाने गळतात, फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येते. गणपतीपर्यंत कुंडीत नुसती काडी उरते.

याला उत्तर आपल्याच रानात असू शकते, हे ओळखून आयुष्यभर काम केले ते एम. एस. वीरराघवन यांनी. सनदी सेवेतून लवकर निवृत्त होऊन ते पत्नी गिरिजा यांच्यासह कोडाईकनालला राहिले आणि उष्ण हवेत टिकणारे गुलाब घडवू लागले. त्यासाठी त्यांनी दोन रानगुलाब निवडले. एक मणिपूर-ब्रह्मदेशाच्या डोंगरातला, मोठ्या फुलांचा वेल, 'रोझा जायगँटिया'. दुसरा 'रोझा क्लिनोफिला', बिहार-बंगालच्या नदीकाठी, पुराच्या पाण्यात पाय बुडवून उभा राहणारा पांढरा गुलाब. पाण्यात उभा राहणारा गुलाब! दिग्गीच्या माणसाला याहून गोड बातमी कोणती? वीरराघवन दांपत्याने आपले अनुभव जागतिक परिषदांत मांडले आणि त्यांचे गुलाब अमेरिकेतल्या रोपवाटिकांतही गेले. जगाचे हवामान तापत चालले आहे. तेव्हा इतके दिवस आपण थंड देशांकडून घेत आलो, आता त्यांनाही आपल्याकडून घ्यावे लागेल.

परसातला परदेशी

आता आमच्या माहेरच्या परसातल्या एका झुडपाविषयी. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले, भरपूर काट्यांचे, सैल पाकळ्यांच्या गुलाबी फुलांचे. वास मात्र असा, की एक फूल देवापुढे ठेवले तर सारी पडवी घमघमते. आई त्याला गावठी गुलाब म्हणे आणि त्याचा गुलकंद करी. नामांकित गुलाब मेले, हा टिकला. गुलाबाच्या एका जाणकाराने तो पाहिला आणि म्हणाले, "ताई, हा एडवर्डच्या कुळातला दिसतो."

एडवर्ड कोण, म्हणाल तर गोष्ट पुन्हा सातासमुद्रापार जाते. हिंदी महासागरात रेयुनियाँ नावाचे बेट आहे, तेव्हाचे नाव बुरबाँ. तिथले मळेवाले शेताला गुलाबाचे कुंपण करत. एका बाजूने चीनचा गुलाब, दुसऱ्या बाजूने पश्चिम आशियातला दमास्क. या कुंपणात दोघांचा आपोआप संकर झाला. एदुआर पेरिशाँ नावाच्या मळेवाल्याच्या नजरेस तो पडला, म्हणून तो 'रोझ एदुआर'. १८१९ च्या सुमारास त्याचे बी पॅरिसला गेले आणि त्यातून बुरबाँ गुलाबांचे मोठे घराणे निघाले. भारतात तो 'एडवर्ड' झाला. उत्तरेत त्याच्या खुंटावर डोळे भरतात, दक्षिणेत हारांसाठी सुटी फुले पिकवतात.

उलट दिशेची गंमतही ऐका. चीनचे गुलाब घेऊन येणारी जहाजे बंगालमार्गे जात, म्हणून युरोपात त्या गुलाबांना कित्येक वर्षे 'बंगालचे गुलाब' म्हणत. म्हणजे आपला गावठी तो परदेशी, आणि त्यांचा बंगाली तो चिनी! महासंघ वगैरे निघण्याच्या दीडशे वर्षे आधी ही देवघेव चालू होती.

बॅगेतून नको

माझा एक भाचा परदेशी नोकरीला आहे. मागे फोनवर म्हणाला, "आत्या, येताना चार छान गुलाबांच्या काड्या बॅगेत घालून आणतो." मी नको म्हटले. झाडांबरोबर त्यांचे रोगही प्रवास करतात. अमेरिकेत एका सूक्ष्म कोळ्यामुळे पसरणाऱ्या विषाणूने गुलाबाच्या बागाच्या बागा गेल्या आहेत. म्हणूनच २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परदेशी रोपांसाठी आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. तसेच आपले रानगुलाब परदेशी संशोधनासाठी न्यायचे, तर २००२ चा जैवविविधता कायदा आहे. देवघेव व्हावी, पण दाराने व्हावी, खिडकीतून नव्हे.

मात्र शेजारच्या घरी काडी द्यायला कुणाचा परवाना लागत नाही! आमच्या जोयड्याच्या कुणबी बायकांकडून हे शिकावे. त्यांनी कंदमुळांच्या किती जाती पिढ्यानपिढ्या सांभाळल्या, ते जोयड्याच्या गड्डे-गेणसू मेळ्यात जाऊन पाहावे. एका घरचे बियाणे गेले, तर दुसऱ्या घरी मिळते. मेयाँने १९३९ मध्ये केले ते हेच.

आमच्या गावातली तरुण मुले गोव्याला, हुबळीला जातात. घरे बंद होतात, परसात रान माजते आणि न्हाणीजवळचे झुडूप कुणाच्या ध्यानात न येता संपते. जुना गुलाब रोगाने जितका मरत नाही, तितका एकटा पडल्यामुळे मरतो. म्हणून गेल्या काही वर्षांत आईच्या झुडपाच्या काड्या मी सात घरी दिल्या. त्यातल्या दोन ठिकाणी मेल्या, पाच ठिकाणी जगल्या. एक धारवाडला सासूबाईंच्या दारात आहे.

तुमच्याही परसात असा गुलाब असेल तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, छाटणी करा. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावा. सुपारीच्या कोळेरोगामुळे बोर्डो आपल्या जिल्ह्यात घरोघरी ठाऊक आहे, आणि तेही मूळचे फ्रान्सचेच! छाटलेल्या फांद्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या निवडा, दोन-तीन डोळे मातीखाली जातील अशा सावलीत लावा. पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या पागोळ्यांपासून दूर ठेवा. रोप धरले की त्यातले एक तरी दुसऱ्याला द्या आणि सोबत चिठ्ठी द्या, कुणाच्या घरचा, कुठल्या गावचा, किती जुना. चिठ्ठी मराठीत लिहा, कन्नडमध्येही लिहा. पुढच्या पिढीला यातली कुठली लिपी वाचता येईल, हे आज कुणी सांगावे?