खिशातला ठोकळा

१९९४-९५चा सुमार असेल. मुंबईच्या मनीष मार्केटमधून मी एक डिजिटल डायरी घेतली. मिटली की पाकिटाएवढी. उघडली की वर पट्टीएवढा पडदा आणि खाली हरभऱ्याच्या डाळीएवढी बटणं. टेलिफोनखाली ठेवलेली, कोपरे दुमडलेली नंबरांची वही मी दोन रविवार खर्चून तिच्यात उतरवली. तिला मराठी येत नव्हतं, म्हणून दादरच्या आत्याला रोमन लिपीत कोंबलं. आठेक महिन्यांनी नाण्याएवढे सेल उतरले, बदलताना माझं काहीतरी चुकलं आणि डायरी कोरी झाली. वही जागेवरच होती. आत्याचा नंबर तिच्यातूनच पुन्हा मिळाला.

तेव्हापासून हातात धरून काम करायचं कुठलंही यंत्र दिसलं की मी त्याच्या पडद्याआधी धरणाऱ्याकडे बघतो. तो उभा आहे की बसलेला? दुसरा हात मोकळा आहे का? डोक्यावर छप्पर आहे की ऊन? दुकानात ही चौकशी कोणी करत नाही. तिथे कॅमेरा किती आणि मेमरी किती एवढंच विचारतात.

ही चौकशी ज्याने धंदा म्हणून केली, तो जेफ हॉकिन्स. अमेरिकेतल्या ‘पाम’ कंपनीचा हा संस्थापक त्या काळात एकदा आपटून बसला होता. १९९३ साली त्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर घालून ‘झूमर’ नावाचं यंत्र बाजारात आलं आणि पडलं. त्याच वर्षी ॲपलचं ‘न्यूटन’ आलं. ‘पर्सनल डिजिटल असिस्टंट’ हा शब्दप्रयोग ॲपलच्या जॉन स्कली यांनी वर्षभर आधी रुळवला होता, तो या न्यूटनसाठीच. किंमत जवळजवळ ७०० डॉलर, आणि वचन असं की तुम्ही जसं लिहाल तसं ते वाचेल. त्याने इतकं भलतंसलतं वाचलं की ‘डून्सबरी’ या चित्रमालिकेने आठवडाभर त्याची टर उडवली. शिवाय ते खिशात मावत नव्हतं. पाच वर्षं रेटून १९९८ मध्ये ॲपलने ते बंद केलं.

हॉकिन्सने पुढचं यंत्र बनवण्याआधी घरच्या गॅरेजमध्ये लाकडाचा एक ठोकळा कापला. माप शर्टाच्या खिशाचं. चिनी जेवणातली एक काडी तासून तिची लेखणी केली. पडदा आणि बटणं कागदावर छापून वर चिकटवली. मग हा ठोकळा खिशात घालून तो हिंडू लागला. कोणी भेटीची वेळ विचारली की गंभीर चेहऱ्याने ठोकळा काढायचा, काडी टेकवायची, जणू दिनदर्शिका बघतो आहे. लोकांना काय वाटलं असेल ते वाटो. कुठल्या गोष्टीसाठी आपला हात दिवसातून किती वेळा खिशाकडे जातो, आणि कुठली कामं आपण नुसती कल्पनेतच करतो, हे त्याला त्यातून कळलं. आपली स्पर्धा संगणकाशी नसून कागदाशी आहे, हेही त्याने नेमकं हेरलं. वही उघडायला वेळ लागत नाही, म्हणून यंत्रही बटण दाबताक्षणी उघडलं पाहिजे.

१९९६ च्या मार्चमध्ये ‘पायलट’ आलं. वजन १६० ग्रॅम, पेन्सिल सेलच्या धाकट्या भावंडांपैकी दोन सेल, आणि त्यावर कित्येक आठवडे चाल. स्वस्त प्रकारात मेमरी अवघी १२८ किलोबाइट, किंमत २९९ डॉलर. आज मोबाइलमधला एक साधा फोटोही त्या मेमरीत बसणार नाही. पण पत्ते, भेटी, कामांची यादी आणि टिपणं एवढंच त्याला करायचं होतं. पाळण्यात ठेवून एक बटण दाबलं की सगळ्याची प्रत टेबलावरच्या संगणकात. माझ्या डायरीला हा पाळणा असता तर माझे दोन रविवार वाचले असते.

अक्षरांचा प्रश्न त्याने उलट्या बाजूने सोडवला. यंत्राने माणसाचं अक्षर शिकण्याऐवजी माणसाने यंत्राची बाराखडी शिकायची. तिचं नाव ‘ग्राफिटी’. इंग्रजी ‘ए’ लिहायचा तो आडव्या दांडीशिवाय; बहुतेक अक्षरं लेखणी न उचलता, एकाच चौकटीत एकावर एक. थोड्या सरावाने हात बसायचा. युक्ती चांगलीच होती, पण ती सव्वीस अक्षरांच्या लिपीत जमते. आपल्या वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरं त्या चौकटीत कुठे मावणार?

याचं उत्तर बेंगळुरूत शोधलं जात होतं. भारतीय विज्ञान संस्थेतले स्वामी मनोहर, विजय चंद्रू, व्ही. विनय, रमेश हरिहरन हे प्राध्यापक आणि ‘एन्कोअर’ कंपनीचे विनय देशपांडे यांच्या गटाने ‘सिम्प्युटर’ कल्पिला. त्याचं पहिलं रूप २००१ मध्ये लोकांपुढे आलं. लिनक्सवर चालणारा, भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवणारा हातातला संगणक. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे कार्डाची खाच. यंत्र गावात एकच असलं तरी चालेल; ज्याचं त्याचं स्मार्ट कार्ड घातलं की ज्याची त्याची माहिती समोर. आपल्याकडे वस्तू सामाईक असते हे ओळखून आखलेलं दुसरं यंत्र मला चटकन आठवत नाही. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने ‘अमिडा’ नावाने ते विकायला काढलं, सुरुवातीची किंमत दहा हजारांच्या आसपास. खपले काही हजारच. तोवर साधे मोबाइल स्वस्त होऊ लागले होते. माझं मत विचाराल तर हे यंत्र सगळ्यांसाठी होतं, पण रोज सकाळी ज्याचं त्यावाचून अडेल असा एक माणूस त्याला मिळाला नाही.

असा माणूस एसटीत आहे. पत्र्याची पेटी, तिच्यात रंगीत तिकिटांच्या गड्ड्या आणि टकटक वाजणारा पंच घेऊन वाहक वर्षानुवर्षं उभ्याने काम करत आला. टप्पा आला की तिकिटांचे आकडे वे-बिलावर चढवायचे, तेही गाडी हलत असताना. नंतर तिकीट यंत्र आलं: ठसठशीत बटणं, गळ्यात पट्टा, पोटातच छपाई. दिसायला ओबडधोबड, पण एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चालवता येतं आणि हिशेब स्वतःच ठेवतं. पुढे बटणांच्या जागी काचेच्या पडद्याचं यंत्र आलं. सातारच्या गाडीत मी एका वाहकाला विचारलं, “जुनं बरं की नवं?” तो म्हणाला, “बटणाचं न बघता दाबता यायचं, साहेब. काचेकडं बघायला लागतं.” पडद्याच्या यंत्रावर मोबाइलने पैसे घेता येतात, सुट्ट्यांचा वाद मिटतो, हेही त्याने लगोलग सांगितलं. इतकी सरळ तुलना मी कुठल्या जाहिरातीत वाचलेली नाही.

आणि असा माणूस अंगणवाडीत आहे. म्हणजे बाई आहे. महाराष्ट्रात लाखाहून अधिक अंगणवाड्या. बाळांची वजनं, उंची, गरोदर आणि स्तनदा मातांच्या भेटी, घरपोच आहार, या सगळ्यासाठी अकरा रजिस्टरं. पोषण अभियान २०१८ मध्ये सुरू झालं आणि रजिस्टरांच्या जागी मोबाइल आला. कल्पना वाईट नव्हती. एकच आकडा चार रजिस्टरांत उतरवणाऱ्या सेविकेला ते ओझं उतरायला हवंच होतं. पण फोन होते दोन जीबी रॅमचे. २०२१ च्या मार्चमध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवं ॲप आलं, ते त्या फोनांना पेलवेना. फोन तापायचे, अडकायचे. दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी यायचा आणि नोंदी इंग्रजीत कराव्या लागायच्या. त्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत नेऊन ते फोन परत केले. काम नको म्हणून नव्हे, हे हत्यार या कामाचं नाही म्हणून.

हातातलं यंत्र नाकारणाऱ्यांचा इतका मोठा निकाल पामच्या वाट्यालाही आला नव्हता. दुकानातलं गिऱ्हाईक न आवडलेली वस्तू घेत नाही, विषय संपतो. सरकारी फोन निवडणारा वेगळा, वापरणारी वेगळी. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातगणनेत हातातल्या टॅब्लेटवर नोंदी झाल्या, तेव्हा प्रगणकासोबत टंकन करणारा दुसरा माणूस दिला होता: एकाने विचारायचं, दुसऱ्याने दाबायचं. तेव्हा ते मला हास्यास्पद वाटलं होतं. आता वाटतं, लिहिणाऱ्याचं लक्ष समोरच्या माणसावरून पडद्यावर जातं हे त्यात निदान मान्य केलेलं होतं. सेविकेला मात्र रडतं मूल तराजूत धरायचं असायचं आणि त्याच वेळी पडद्यावर त्याचं नाव इंग्रजीत शोधायचं असायचं.

हॉकिन्सचा ठोकळा आज कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूच्या संगणक संग्रहालयात जपून ठेवला आहे. तसा कापायला लाकडाचा तुकडा आणि एक दुपार पुरते. यंत्रखरेदीच्या पुढच्या निविदेवर ज्यांची सही होणार आहे त्यांना विनंती एवढीच, की आधी तो कापा आणि तो घेऊन आठ दिवस एखाद्या अंगणवाडीत, वजनकाट्याशेजारी बसा. मे महिन्यात.