आठातली तीन हाडं

वाटाण्याच्या शेंगांचा ढीग सतरंजीवर ओतला गेला, तशी पोरं त्यावर तुटून पडली. सासवडजवळच्या एका गावातली अंगणवाडी. पावसाळ्यात पुरंदरला वाटाण्याची काय कमी! कुणीतरी शेतातून पिशवीभर आणून दिल्या होत्या. आतल्या खोलीत मदतनीस बाईंच्या कुकरमध्ये मटकी शिजत होती. वासाने मलाच भूक लागली, पोरांचं तिकडे लक्षही नव्हतं.

जरा वेळाने कळलं की सगळी एकच काम करत असली, तरी प्रत्येकाचा हात वेगळा चालतोय. तीन वर्षांची एक चिमुरडी अख्खी शेंग मुठीत धरून पिळत होती. फुटली नाही की दातांत धरायची. तिच्याहून वर्षाने मोठा मुलगा शेंग जमिनीवर ठेवून तळव्याने दाबायचा, मग पाची बोटांनी कशीबशी उकलायचा. आणि पाच पूर्ण झालेली लाल फ्रॉकवाली? तिने शेंग चिमटीत धरली, शिवणीवर अंगठ्याचं नख दाबलं, टक्! दाणे ओळीने वाटीत. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. धाकटीने शंभरदा पाहिलं तरी तिला आज ते जमणार नव्हतं.

“मनगटात आठ हाडं असतात,” सेविका ताई म्हणाल्या. “तीन वर्षांच्या पोराची त्यातली तीनच भरलेली. आठातली तीन! आणि आयांना पाहिजे अक्षर.”

मी तिथे गेलो होतो तो एका वहीमुळे. शेजारची साडेतीन वर्षांची मुलगी एका नामांकित नर्सरीत जाते. तिच्या वहीत पानभर एकच अक्षर गिरवलेलं. पेन्सिल इतकी दाबलेली की शेवटच्या ओळीत कागद फाटला होता आणि खाली लाल शाईत शेरा: ‘अक्षर सुधारा’. तो शेरा डोक्यातून जाईना.

ताईंचा आकडा बरोबर आहे. बाळ जन्मतं तेव्हा मनगटाची ही आठही हाडं म्हणजे नुसती कूर्चा असते. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडं धरू लागतात, तिसरं दोन-तीन वर्षांच्या सुमारास. सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक दिसू लागतात आणि वाटाण्याएवढं आठवं त्यानंतरही काही वर्षं रेंगाळतं. डॉक्टर मुलाच्या हाडांचं वय काढायला हाताचाच एक्स-रे काढतात, तो यासाठीच. सगळा दोष हाडांवर घालता येणार नाही हे खरं. स्नायू, मेंदूचा ताबा, डोळ्यांची साथ हेही असतं. पण आठातली तीन, एवढं ऐकल्यावर मला त्या फाटक्या कागदाचं नवल वाटेनासं झालं.

घरातल्या आजीला हा क्रम पुस्तकाशिवाय ठाऊक असतो. बाळ आधी मान धरतं, मग पालथं पडतं, बसतं, उभं राहतं. ताबा डोक्याकडून पायांकडे सरकतो. तसाच तो खांद्याकडून कोपरात, मनगटात आणि सगळ्यात शेवटी बोटांच्या टोकांत येतो. कुणी अकराव्या महिन्यात चालतं, कुणी पंधराव्या. वेग ज्याचा त्याचा, क्रम सहसा तोच. न बसणाऱ्या बाळाला धावायला कुणी लावत नाही. बोटांच्या बाबतीत मात्र आपल्याला दम निघत नाही.

मला शेंगा सोलणं दिसलं, ताईंच्या लेखी ती लिहिण्याचीच तयारी. कागद फाडणं, चिखलाचे गोळे, मणी ओवणं, सगळं त्यासाठीच. यात नवं काही नाही. तारा‌बाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. महागड्या साधनांवाचून बालशिक्षण गावात, पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेताना त्यांनी बिया, पानं, शिंपले हाताशी घेतले. 2 ऑक्टोबर 1975ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली. 2020च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. कागदावर सगळं जागच्या जागी आहे.

मग हजेरी, वजनं, उंची, मोबाइलमध्ये नोंदी. नेटवर्क नव्हतं. ताई फोन घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेवढा वेळ त्या पोरांच्या नव्हत्या.

खाऊच्या वेळी एकाने राजगिऱ्याचा लाडू कमी मिळाल्याची तक्रार केली. ताईंनी त्याच्याच लाडवाचे दोन तुकडे केले. “माझे दोन!” तो खूश. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेने हे प्रयोग करून मांडलं: या वयात मूल जे दिसतं त्यावर जातं, मोड केली तरी ऐवज तेवढाच राहतो हे त्याला सहा-सात वर्षांच्या आसपास उमगू लागतं. शेजारची लाल फ्रॉकवाली मात्र त्याच्याकडे संशयाने पाहत होती.

बारा वाजता एक आजी नातीला न्यायला आली. नात म्हणजे ती मुठीने शेंग पिळणारी.

“ताई, ही अजून अ सुदिक काढत नाय. जाऊबाईचा नातू धा पर्यंत लिवतो.”

“आजी, शेंगा सोलल्या तिने आज.”

“त्या घरी बी सोलती की.”

ताईंनी आठ हाडांचं काही काढलं नाही. जूनपासून हिला गाडीच्या शाळेत घालायचं घरात ठरलंय, हे आजीने जाता जाता सांगितलं. अशी चार पोरं गेली की पट उतरतो, आणि पट उतरला की वरून विचारणा होते.

तेव्हा आता आठवड्यातून दोन दिवस पाट्या काढायच्या, असं ताईंनी ठरवलं आहे. आयांना पाटी दिसली पाहिजे. पाटीवर उभ्या-आडव्या रेघा आणि गोल, खडूही मुठीत मावेल असा जाड. “अक्षर काढायला सांगणार नाही,” त्या म्हणाल्या, आणि कुकरच्या शिट्या मोजायला आत गेल्या.